कृष्णाची उतारी

"म्हणजे तुम्ही सांगणारच नाही? खेळाला कला म्हणता येतं की नाही, एवढं साधं विचारतेय मी."

शर्वाणीने हे तिसऱ्यांदा विचारलं. जगन्नाथ चितारी, म्हणजे अख्ख्या चाफेखोलचे तात्या, एका गोल पानाच्या कडेने लाल रेघ ओढत होते. रेघ जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. मगच त्यांनी मान वर केली.

"च्या घेतलंस?"

"घेतली. दोनदा."

"मगे तिसऱ्यांदा घे."

पुण्यात तिच्यापुढे असं बोलायची कुणाची टाप नव्हती.

तात्या गंजिफा करत. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली गोल पानं, लाखेने चकाकणारी, तळहातात मावतील एवढी. दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानं, अशी एकूण एकशेवीस. खेळायला तिघं लागतात. आता हा खेळ खेळणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत, काचेच्या चौकटीत घालून टांगणारे मात्र रग्गड. म्हणून तात्यांनी एक नियम केला होता. घेणाऱ्याने आधी त्यांच्याशी एक डाव खेळायचा, तेव्हाच पानं हातात मिळायची. मोठमोठ्या गाड्यांतून आलेली माणसं या मातीच्या जमिनीवर मांडी घालताना कण्हत. तात्यांना त्याची फार गंमत वाटे.

याच जमिनीवर शर्वाणी आणि तिचा धाकटा भाऊ हेरंब दर मे महिन्यात खेळायला शिकले. शर्वाणी शिकून पुण्याला गेली. तिथे ती व्हिडिओ गेम बनवायला लागली. आता तिच्या हाताखाली सात माणसं होती आणि कपाटात परदेशातली दोन बक्षिसं. ती ताठ चाले, आणि का चालू नये? स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली होती.

हेरंब मात्र गावातच राहिला. चार वर्षं तात्यांच्या शेजारी बसून रेघ ओढायला शिकला. मग एका संध्याकाळी हात धुवायला म्हणून मागच्या तळ्यावर गेला आणि परत आला नाही.

त्याला तीन वर्षं झाली होती.

"तात्या, सोमवारी मुंबईच्या कलादालनात माझा गेम लावणार आहेत. चित्रांच्या, पुतळ्यांच्या रांगेत. व्हिडिओ गेमला तिथे पहिल्यांदाच जागा मिळतेय."

"बरा झाला."

"त्यात हेरंब आहे."

तात्यांचा कुंचला थांबला.

"त्याचा आवाज आहे. त्याने मला पाठवलेले सगळे आवाजी निरोप होते माझ्याकडे, त्यातून चारशे वाक्यं काढली. त्याचं बसणं, हसणं, सगळं आहे. खेळणारा आत जातो आणि त्याच्याशी गंजिफा खेळतो." तिने पिशवीवर हात ठेवला. "आईने बघितलं. दोन मिनिटं. मग म्हणाली, पुसून टाक."

"काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांग."

शर्वाणीने बाहेर बघितलं. अंगणात टळटळीत ऊन होतं.

"म्हणाली, 'माझ्या झिलाक, हेरंबाक, चार वाजता कोंडून घातलंस. मेलेल्या भावाचो खेळ करतंस, लाज नाय वाटना?'"

तात्यांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"मी आईला शब्द दिलाय, म्हटलं, तात्या म्हणाले की ही कला आहे, तर तू मुंबईला यायचंस. तात्या म्हणाले हा नुसता खेळ आहे, तर मी पुसून टाकीन. सगळं. एक अक्षर ठेवणार नाही."

"माका कित्या मधी घातलंस?"

"कारण तुम्ही खेळाची पानं रंगवता, आणि सरकार तुम्हाला कलाकार म्हणतं." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे चौकटीत घातलेलं मानपत्र होतं, लाल मोहोर उमटवलेलं. "तुम्हाला दोन्ही बाजू ठाऊक आहेत."

तात्या हसले. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ते हसणं अर्धं वाऱ्यावर गेलं.

"तेच्या मागे भिंतीक वल इली हा. म्हणान लावलंय."

त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला आणि कोनाड्यातून जुन्या पानांचा डबा काढला.

"बस. एक डाव टाकूया."

'एक डाव टाकूया' हे तीन शब्द ऐकून शर्वाणीने पिशवी मांडीवर ओढून घेतली. का, ते तिने सांगितलं नाही. तात्यांनीही विचारलं नाही.

तात्यांनी तीन पाट मांडले. एक स्वतःला, एक तिला. तिसरा कोपऱ्यात, भिंतीला टेकवून.

"तिसरं कोण येणार?"

"भागी आसा मां."

भागीरथी म्हणजे तात्यांची बायको. लाख चढवायचं काम तिचं. अकरा वर्षांपूर्वी वारली. शर्वाणी तिच्या तेराव्याला जेवून गेली होती.

तात्यांनी एकशेवीस पानं वाटली. चाळीस शर्वाणीपुढे, चाळीस स्वतःपुढे, चाळीस त्या मोकळ्या पाटापुढे, पालथी. मग त्यांनी तिसऱ्या वाट्यातली पानं पसरून ठेवली. सगळ्यांच्या पाठी सारख्याच लाल.

"उतारी कोणाची, याद आसा मां?"

हे कोण विसरेल? पहिलं पान उतरण्याचा मान म्हणजे उतारी. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा, त्याची उतारी. दिवस मावळला की ज्याच्याकडे कृष्णाचा राजा, त्याची. शर्वाणीने पानं उचलून बघितली. रामाचा राजा तिच्याच हातात होता.

"माझी," ती म्हणाली आणि पान टाकायला गेली.

"थांब. भागीक विचारूक व्हया."

"तात्या, दुपारचे तीन वाजलेत. रामाचीच उतारी."

"आपल्याकडे तीन वाजले गो. तिच्याकडे रात आसा." तात्या असं बोलले, जणू शेजारच्या वाडीत पाऊस पडतोय. "मेलेल्याकडे कायम रातच. तेच्या वाट्याक कृष्णाचो राजा इलो तर उतारी तेची. मगे आपल्याकडे कितीय उजेड असूंदे. माझ्या बापाशीन असाच खेळवल्यान, तेच्या बापाशीन तसाच."

त्यांनी पालथ्या पानांवर हात धरला. पंजा हवेत थांबला…

"नाय. आज नाय तिच्याकडे. तू उतर."

शर्वाणीच्या लक्षात आलं, कृष्णाचा राजा म्हाताऱ्याच्या स्वतःच्याच हातात असणार, म्हणून त्याला ठाऊक. तिला बरं वाटलं. म्हातारा लबाड आहे, इतकंच.

तिने रामाचा राजा टाकला. चितारींच्या घरची चाल सोपी होती. जो रंग उतरेल त्या रंगाचं पान घालायचं, ज्याचं चढं त्याचा हात. तात्यांनी रामाची तिर्री घातली. मग भागीच्या पानांवर हात नेला, बोट या पानावरून त्या पानावर फिरवलं, एका पानाशी थबकले आणि ते उलटं केलं.

रामाची पंजी.

शर्वाणीने मत्स्य उतरला. तात्यांचं बोट फिरलं, थबकलं. भागीचं पान निघालं, मत्स्य. तिने वराह उतरला. वराह निघाला. वामन उतरला. वामन.

ती आकड्यांची माणूस. मनातल्या मनात हिशेब चालूच होता. दहा रंग, पानं पालथी, म्हणजे दर खेपेला दहात एक. एकदा जुळलं तर योगायोग. दोनदा जुळलं तर नशीब. सहाव्या हाताला तिने मान वर केली. सलग सहा वेळा जुळायचं तर दहा लाखांत एकदा.

"तुम्हाला पानं पाठीवरून ओळखू येतात," ती म्हणाली. "तुम्हीच केलीत ती. कुठे ओरखडा असेल, कुठे लाख जास्त असेल."

"आसात."

"मग झालं तर."

"मगे आता तू काढ."

शर्वाणी हसली. सातव्या हाताला तात्यांनी कूर्म उतरला होता. तिने भागीच्या पानांवर हात नेला. कुठलं तरी उचलायचं आणि म्हाताऱ्याचं पितळ उघडं पाडायचं, असं तिने ठरवलं. डावीकडचं उचलायला गेली. बोटं उजवीकडे गेली. आपण मुद्दाम नेली की कुणी नेली, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

पान उलटं केलं. कूर्माचा प्रधान.

पान कोमट होतं. आत्ताच कुणाच्या तरी मुठीतून निघाल्यासारखं. त्या कोपऱ्यात ऊन येत नव्हतं.

"घेतल्यान बघ हात!" तात्या खेकसले. त्यांची कूर्माची दश्शी प्रधानाने खाल्ली होती. ते खरोखर चिडले होते, कान लाल झाले होते. "जित्यापणीय अशीच दबा धरून बसी. मेल्यार तरी सुधारतलंस काय गो?"

मोकळा पाट गप्प होता. पण शर्वाणीला वाटलं, तो गप्प बसून हसतोय. तिने पाय आखडून घेतले.

सगळे हात संपले तेव्हा भागीचे सोळा झाले होते. तात्यांचे बारा, शर्वाणीचे बारा. तात्या कितीतरी वेळ तोंड फुगवून बसले होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोवर रुसून.

मग त्यांनी पानं डब्यात भरली.

"आता तुझो दाखव."

शर्वाणीने पिशवीतून टॅब काढला. ठेवायचा कुठे, म्हणून इकडे तिकडे बघितलं. तात्यांनी भागीच्या पाटाकडे हनुवटीने खूण केली. तिने हात लांब करून, पाटाला बोट लागणार नाही अशा बेताने, तो तिथे उभा केला.

पडदा उजळला.

हीच बसायची ओटी. हाच कोनाडा. बाहेर तिरपं सोनेरी ऊन, त्यात धुळीचे कण. एकेक कण शर्वाणीने जागच्या जागी बसवला होता, त्यात दोन वर्षं गेली होती. मधे निळ्या सदऱ्यातला हेरंब मांडी घालून पानं पिसत होता. शेजारी तात्या.

"आलीस? बस ना," हेरंब म्हणाला.

खोलीत खराखुरा त्याचा आवाज घुमला. तात्यांनी डोळे बारीक केले. मग ते म्हणाले, "माझी मिशी इतकी काळी कधी होती गो?"

"होती. तुम्ही विसरलात."

"ह्याका म्हणतत कला. काळी मिशी." पण ते पुढे सरकून बसले होते.

शर्वाणी खेळून दाखवायला लागली. रामाचा राजा तिच्या वाट्याला आला. तिने उतरला. हेरंबने पान घातलं, हरला, हसला. "जिंकलीस की गं!" दुसरा डाव वाटला. रामाचा राजा पुन्हा तिच्याकडेच. पुन्हा तिची उतारी. पुन्हा हेरंब हरला, हसला.

"वाटणी तशीच केलीय मी," ती म्हणाली. "खेळणाऱ्याला दर डावाला रामाचा राजा. कुणाला दुखवायचं नव्हतं मला. लोक याला भेटायला येतात तात्या, हरायला नाही."

"हेरंब हरान हसता होतो कधी?"

हेरंब हरला की पानं भिरकावायचा. एकदा तिच्या दंडाला चावला होता.

"हो कधी उतरणा नाय?"

"नाही. उतारी कायम खेळणाऱ्याची."

"उतरायच्या आधी पान जमिनीर दोनदा आपटी तो. टक, टक. आणि मगे टाकी. ता घातलंस?"

शर्वाणीने डोळे मिटले. टक, टक. ती विसरली होती. चारशे वाक्यं जपली, सदऱ्याच्या तुटक्या बटणासकट सदरा घातला आणि हे विसरली. तिला स्वतःची शरम वाटली.

"नाही… तो उतरतच नाही ना, म्हणून लागलं नाही."

तात्या पडद्यातल्या उन्हाकडे बघत होते.

"कितके वाजले ह्येच्यात?"

"चार."

"मगे?"

"चारच."

"दिवस मावळणा नाय?"

"नाही."

"मगे कृष्णाची उतारी कधी जाता?"

"रात्रीचा नियम आत लिहिलाय मी. हेरंबने वहीत सगळे नियम उतरवले होते, त्याबरहुकूम सगळे घातलेत. फक्त तो कधी… चालवून बघितलेला नाही. कारण रात्र होतच नाही."

आणि मग, जे तिने तीन वर्षं तोंड शिवून दाबून ठेवलं होतं, ते बाहेर पडलं.

"त्या दिवशी चार वाजता त्याचा निरोप आला होता. 'ताई, एक डाव टाकूया?' आम्ही फोनवर खेळायचो, पानांचे फोटो पाठवून. मी कामात होते. म्हटलं, उद्या. साडेसहाला तो तळ्यावर गेला." ती थांबली. "म्हणून मी दिवस मावळूच दिला नाही, तात्या. चार वाजता तो जिवंत आहे. पानं घेऊन बसलाय. आणि मी आलेय."

दूर कुठेतरी कुणी माडाची झापं ओढत नेत होतं, त्याचा खरखर आवाज आला आणि गेला.

"मावळव," तात्या म्हणाले.

"काय?"

"दिवस मावळव."

"नाही."

"होणा नाय?"

"होतं. एक आकडा बदलायचा. पण नाही." तिने टॅब छातीशी ओढून घेतला. "मावळला तर तो उठेल. तळ्यावर जाईल."

"तू तसा लिवलंस?"

"नाही लिहिलं."

"मगे कसो जायत?"

सात माणसांना कामाला लावणारी, दोन देशांतून बक्षिसं आणणारी ती बाई आपणच बनवलेल्या चित्राला घाबरून बसली होती. तिला पुण्याची भाषा सुचेना.

"माका भिया वाटता, तात्या."

तात्या उठले. गुडघ्यांवर हात टेकत, भिंतीपर्यंत गेले. सरकारचं मानपत्र खिळ्यावरून काढलं आणि खाली ठेवलं. मागे भिंतीवर ओल पसरली होती, काळी हिरवी, माणसाच्या उंचीची. मधोमध खिळा.

"घे. हय लाव."

"काय लावू?"

"ता तुझा. कला आसा काय विचारी होतंस मां? आसा. एकदम बरी कला आसा. ऊन बघ, धूळ बघ. खेळणारो हरणा नाय, कोण मरणा नाय, दिवस मावळणा नाय. आवशीक सांग जा, तात्या कला म्हणालो." त्यांनी खिळ्यावर बोट आपटलं. "खिळो रिकामो आसा. लाव."

जे ऐकायला ती इतक्या लांब आली होती ते तिला मिळालं होतं. आता उठायचं, आईला गाडीत घालायचं, सोमवारी मुंबई. ती जिंकली होती.

तिने त्या खिळ्याकडे बघितलं. त्याच्याभोवतीच्या ओलीकडे बघितलं. छातीशी धरलेल्या टॅबमधून हेरंब म्हणाला, "आलीस? बस ना."

मघाशीही हेच म्हणाला होता. उद्याही हेच म्हणेल. शंभर वर्षांनी, ती, तात्या, आई कुणी नसताना, एखाद्या भिंतीवर, चार वाजता, तो असाच पानं पिसत बसेल आणि कुणीही येऊन त्याला हरवून जाईल. आणि तो हसेल.

शर्वाणीला एकाएकी रडू कोसळलं. आई बरोबर होती. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला हे कळलं, आणि फार लागलं.

तात्यांनी तिला रडू दिलं. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. ती प्यायली नाही. पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसले, टॅबवरचा खेळ थांबवला आणि आतली कोडची अक्षरं उघडली. एक ओळ शोधली. त्या ओळीत चारचा आकडा होता. तिने तो पुसला आणि घड्याळ चालू केलं.

मग टॅब पुन्हा भागीच्या पाटावर ठेवला. या खेपेला तिचा हात पाटाला लागला. तिने तो काढून घेतला नाही.

पडद्यातलं ऊन सरकायला लागलं.

आधी कोनाड्यातून गेलं. मग जमिनीवरून. धुळीचे कण एकेक करून विझले. हेरंबचा निळा सदरा राखाडी झाला, मग नुसता काळोखाचा एक आकार झाला. बाहेर अंगणात लख्ख उजेड होता, कोंबड्या दाणे टिपत होत्या. या कोपऱ्यात मात्र पाटावरून काळोख सांडून जमिनीवर येतोय, असं तिला दिसलं. तिने पापण्या मिटल्या, उघडल्या. काळोख तिथेच होता.

शर्वाणी त्या आकाराच्या गुडघ्यांकडे बघत होती. उठतोय का? उठतोय का?

तो उठला नाही.

त्याने पानं वाटली.

तिच्या वाट्याची पानं पडद्याच्या तळाशी येऊन मांडली गेली. नेहमीसारखाच रामाचा राजा सगळ्यात पुढे. इतक्या वर्षांची सवय, तिचं बोट आपसूक त्याच्याकडे गेलं.

टक.

तिचं बोट हवेत राहिलं.

टक.

बारीक, कोरडा आवाज. लाखेच्या पानाची कड जमिनीवर आपटल्याचा. टॅबमधून आला की पाटाखालून, ते कळलं नाही. तिने वळून तात्यांकडे बघितलं. तात्यांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते, तळवे वर. डबा झाकलेला होता, कोनाड्यात.

"तात्या… हे मी घातलेलं नाही."

"ठावक आसा."

"मग ही… तात्या, ही कला आहे की…"

तात्यांनी तिचं मनगट धरलं. त्यांचे डोळे पाटावरून हलले नव्हते.

"गप, बाय. उतारी तेची आसा."